पायाखालची फळी

वाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा वादकाच्या हातांकडे आणि ओठांकडे असते. पाय दुर्लक्षित राहतात. वास्तविक चर्चमधील ऑर्गनवादकाचे पाय हातांइतकेच राबत असतात, पायपेटीचा भाता पायांनीच हलतो, आणि ज्याच्यावाचून आज लग्नसमारंभातील वाद्यवृंद अपुरा वाटतो त्या ड्रमसंचातील सर्वांत मोठा ड्रम तर हाताने वाजतच नाही. वादक समोर बसून काठ्या फिरवीत असतो आणि खाली, कुणाच्या नजरेस न पडता, त्याचा उजवा पाय एका फूटभर लांबीच्या पट्टीवर वरखाली होत असतो. या पट्टीला मराठीत रूढ शब्द नाही. लेखापुरते आम्ही तिला पायपट्टी म्हणू.

तिची रचना साधी आहे. टाचेकडच्या बाजूला बिजागरी, बोटांकडच्या टोकाला चामड्याचा पट्टा किंवा साखळी. पट्ट्याचे दुसरे टोक वरच्या आडव्या आसाला जोडलेले, आसावर ठोका देणारा दांडा, ज्याला वादक बीटर म्हणतात. पाय दाबला की बीटर ड्रमवर आदळतो. सोडला की स्प्रिंग त्याला मागे ओढते. पायपट्टी हा या यंत्रातील सर्वांत साधा भाग, आणि तरीही वादकाच्या शरीराला स्पर्श करणारा एकमेव भाग तोच. ही पट्टी कशाची असावी? लाकडाची, लोखंडाची, की अ‍ॅल्युमिनियमची? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे पुनःपुन्हा बदलली. ती कुणी बदलली आणि कुणाच्या सोयीने, हे पाहणे आम्हांला उद्‌बोधक वाटते. कारण ज्याची पट्टी आज मोडली आहे आणि जो ती स्वतः घडवू पाहतो, त्याच्यापुढे हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील बँडमध्ये मोठा ड्रम एकाकडे, साइड ड्रम दुसऱ्याकडे आणि झांजा बहुधा तिसऱ्याकडे असत. वसईच्या लग्नात वरातीपुढे चालणारा बँड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही विभागणी समजावून सांगायला नको. चालत्या बँडला पायाने वाजवायचे यंत्र निरुपयोगी. पाय रस्ता कापण्यात गुंतलेले. बँड नाट्यगृहात आणि नृत्यगृहात जाऊन बसला तेव्हा मात्र प्रश्न निराळा झाला. वाद्यवृंदाची जागा अरुंद, मालकाचा हात आखडता, आणि तीन माणसांचे काम एकाने केले तर दोघांचा पगार वाचतो, हा हिशेब कुणालाही कळण्याजोगा. प्रथम वादकांनी हातांनीच निभावून नेले. साइड ड्रम खुर्चीवर टेकवायचा, मोठा ड्रम शेजारी ठेवायचा आणि एका काठीचा ठोका मोठ्या ड्रमवर देऊन तीच काठी लगोलग साइड ड्रमवर आणायची. ही कसरत कित्येक वर्षे चालली आणि तिच्यात प्रावीण्य मिळवणारेही निघाले.

पायाने चालणारी यंत्रे १८८० च्या दशकात दिसू लागली. त्यांतील अनेकांत बीटर ड्रमच्या वरच्या कड्याला टांगलेला असे आणि खालची फळी पट्ट्याने किंवा दोरीने त्याला खेची. फळी लाकडाची, कारण ती करणारे वादक स्वतःच असत आणि हाताशी लाकूड होते. न्यू ऑर्लीन्स येथे जॉन रोबिशो यांच्या वाद्यवृंदात वाजवणारे डी डी चँडलर यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजातील या वादकाने १८९० च्या दशकात स्वतःच्या हाताने लाकडी पेडल जुळवले आणि एकट्याने दोन्ही ड्रम वाजवण्याची पद्धत त्या शहरात रुजवली. ज्या संगीताला पुढे जॅझ हे नाव मिळाले, त्याच्या उगमापाशीच घरी केलेली लाकडी पायपट्टी आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. कारखाना नंतर आला.

तो शिकागोत आला. विल्यम एफ. लुडविग हे जर्मनीत १८७९ साली जन्मलेले आणि बालपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले गृहस्थ शिकागोच्या नाट्यगृहांतून ड्रम वाजवीत. त्या काळी रॅगटाइम नावाच्या द्रुत लयीच्या संगीताने सर्वांना वेड लावले होते. टांगता बीटर लांबून झोका घेऊन येई आणि तोवर संगीत पुढे निघून गेलेले असे. लुडविग यांनी बीटर खाली, जमिनीलगत आणला, त्याचा झोका आखूड केला आणि हे नवे पेडल प्रथम लाकडात करून पाहिले. ते चालले. मग यंत्रकामात निष्णात असलेले त्यांचे मेहुणे रॉबर्ट डॅन्ली यांनी तेच धातूत उतरवले. १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम व त्यांचे बंधू थिओबाल्ड यांनी ‘लुडविग अँड लुडविग’ ही कंपनी काढली.

पहिला नमुना लाकडाचा, विकायचा माल धातूचा. या क्रमात आमच्या मते सारा इतिहास साठवला आहे. लाकडी पेडलने रॅगटाइमची लय सांभाळली होती. म्हणजे पायाची त्याच्याविषयी तक्रार नव्हती. परंतु लाकडाची प्रत्येक फळी सुताराला स्वतंत्रपणे रंधावी लागते, प्रत्येकीत बिजागरी वेगळी बसवावी लागते, आणि शंभरावी फळी पहिलीसारखी निघेलच याचा भरवसा नाही. ओतीव धातूचे तसे नाही. एकदा साचा झाला की पट्टी, तिच्या टाचेकडचे बिजागरीचे कान आणि पुढचे भोक ही सर्व एका तुकड्यात, हव्या तितक्या संख्येने बाहेर पडतात. त्यावर कंपनीचे नावही उठावदार अक्षरांत उमटवता येते. तात्पर्य, पायपट्टी धातूची झाली ती मुख्यतः ओतशाळेच्या सोयीने.

लाकडाची कड घेताना त्याचा दोष लपवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. लाकडी फळी मधे मोडत नाही. ती भोकांपाशी फाटते. बिजागरीचे स्क्रू रोज हजारो हिसके सोसतात, भोक हळूहळू सैल होते, आणि एके दिवशी बिजागरी स्क्रूंसकट बाहेर येते. रात्रीमागून रात्र वाजवणाऱ्या वादकाला हे परवडण्यासारखे नव्हते.

लाकूड तरीही इतक्यात हटले नाही. १९२० च्या दशकात पायाने झांजा वाजवण्याचे जे पहिले साधन प्रचारात आले, ते म्हणजे टाचेकडे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. प्रत्येकीच्या टोकाला एक झांज, वरच्या फळीवर पाय अडकवायला पट्टा. बर्फावरून चालताना घालावयाच्या रुंद पादत्राणासारखी ती दिसत म्हणून तिकडे तिला तेच नाव पडले. त्यातूनच पुढे दांड्यावर उंच चढवलेल्या झांजांची जोडी आली, जी आज प्रत्येक ड्रमसंचात असते. म्हणजे डाव्या पायाचा इतिहासही फळीपासूनच सुरू होतो.

येथे जरा थांबून एका कटु गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. पेडलने एका वादकाला तिघांचे सामर्थ्य दिले असे सर्व पुस्तके कौतुकाने सांगतात. ज्यांच्या हातची मोठ्या ड्रमची काठी आणि झांजा गेल्या, त्यांच्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही. पुढे काळाने पेडलवाल्यांनाही सोडले नाही. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहातील ड्रमवादकाला पडद्यावरील घोड्याच्या टापांपासून मेघगर्जनेपर्यंत सारे आवाज काढावे लागत, आणि लुडविग यांच्यासारख्या कंपन्यांची भरभराट त्यावरच झाली होती. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट आला आणि दोन-चार वर्षांत चित्रपटगृहांतील वाद्यवृंद ओस पडले. थिओबाल्ड लुडविग १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले होते. कंपनीही या मंदीच्या तोंडावर दुसऱ्या वाद्यनिर्मात्याकडे गेली.

विल्यम लुडविग यांनी १९३७ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी कंपनी काढली. याच कंपनीने ‘स्पीड किंग’ हे पेडल बाजारात आणले. त्याच्या स्प्रिंगा दोन्ही खांबांच्या पोटात दडवलेल्या होत्या आणि चामडी पट्ट्याऐवजी धातूची कडी होती. साठच्या दशकात रिंगो स्टार यांच्या आणि नंतर लेड झेपेलिनच्या जॉन बॉनम यांच्या पायाखाली हेच पेडल होते. बॉनम यांच्या पेडलला तेल कमी पडले असावे; कारण त्या वाद्यवृंदाच्या १९७० मधील एका संथ गीताच्या ध्वनिमुद्रणात पेडलची करकर स्पष्ट ऐकू येते आणि रसिक ती आजही कान टवकारून ऐकतात. विहिरीच्या रहाटाची करकर ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हे वेड कळेल.

दुसऱ्या महायुद्धाने धातूची मक्तेदारी काही काळ मोडली. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने वाद्यांत वापरावयाच्या धातूवर निर्बंध घातले. वाद्याच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक धातू चालत नसे. ड्रमची कडी, कातडे ताणणाऱ्या बोल्टांच्या बैठका, सारे लाकडात करण्याची पाळी कारखानदारांवर आली, आणि जे लाकूड कालपर्यंत जुनाट ठरले होते त्याचीच जाहिरात देशभक्तीच्या नावाने होऊ लागली. युद्ध संपताच वारे पालटले. विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन प्रचंड वाढलेले होते. आता त्याला गिऱ्हाईक हवे होते. पायपट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते हे आज आपण गृहीत धरतो. त्या गृहीतामागे युद्धोत्तर बाजारपेठेचा वाटा मोठा आहे.

आमच्याकडे हे सारे मुंबईच्या मार्गाने आले. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरले. त्यांच्या मागोमाग आलेल्या वादकांकडून ज्यांनी जॅझ आत्मसात केला, त्यांत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले ख्रिस्ती वादक अग्रभागी होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, यांचा वाद्यवृंद १९५१ च्या ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. अशा प्रत्येक वाद्यवृंदात एक ड्रमवादक असे आणि त्याच्या पायाखाली बहुधा परदेशी पेडल. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, अशा मालाच्या आयातीवर कडक बंधने आली आणि १९९१ पर्यंत ती कमीअधिक प्रमाणात राहिली. पेडलची पट्टी मोडली तर शिकागोहून नवी मागवणे दुरापास्त. मग उरे सुतार, फिटर आणि ओतारी. चँडलर न्यू ऑर्लीन्समध्ये जेथे उभे होते, तेथेच आमचा वादक उभा राहिला. फरक इतकाच, की याच्या हातात एक मोडका नमुना होता.

ओतीव पट्टी मोडते ती बहुधा दोन ठिकाणी: टाचेकडचे बिजागरीचे कान किंवा बोटांकडचे भोक. ओतीव अ‍ॅल्युमिनियमला डाग देणे कुशल कारागिराचेच काम. सांधा वरून चांगला दिसतो आणि शेजारी पुन्हा चीर जाते. तेव्हा नवी पट्टी करणे शहाणपणाचे. ती कशाची करावी, याचा निर्णय ओतशाळेच्या सोयीवाचून आता प्रथमच पायाच्या सोयीने घेता येतो.

त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. पट्टीकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. ती वाकू नये आणि ती हलकी असावी. लवचीक पट्टीत पायाचा जोर मुरतो. जड पट्टी परत यायला उशीर लावते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. यातच लाकडाचे रहस्य आहे. ३० सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली तर तिचे वजन सुमारे ३२५ ग्रॅम भरते. तितकाच ताठपणा पोलादात साडेतीन मिलिमीटर जाडीत मिळतो, परंतु वजन साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. सागवानात त्यासाठी ९ मिलिमीटर जाडी लागते आणि वजन होते केवळ १४० ग्रॅम. ज्याला जुनाट म्हणून अडगळीत टाकले ते लाकूड, समान ताठपणाच्या कसोटीवर, अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्याहून कमी वजनात उभे राहते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा काहींना मोह होतो. त्याची जाडी १४ मिलिमीटरपर्यंत न्यावी लागते, वजन अ‍ॅल्युमिनियमहून अधिक होते, आणि भोकापाशी ते काचेसारखे तडकते. दिसायला सुंदर; आमच्या मते तेवढेच.

वजन किती याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. पट्टी टाचेभोवती फिरते, म्हणून टोकाकडचा ग्रॅम टाचेकडच्या ग्रॅमहून कितीतरी महाग पडतो. एकसारख्या जाडी-रुंदीच्या पट्टीत फिरण्याला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ७० टक्के विरोध एकट्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाचा असतो. यास्तव पट्टी कशाचीही असो, ती बोटांकडे निमुळती करावी. वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येतो तो पावलाच्या चवड्याखाली. तेथे जाडी कमी करू नये.

लाकूड निवडताना रेषा लांबीच्या दिशेने, सरळ धावणारी हवी. आडव्या रेषेची फळी एका जोरदार ठोक्यात दुभंगते. अमेरिकेत यासाठी मेपल वापरतात. आपल्याला सागवान जवळचे. त्यात अंगचे तेल असल्याने समुद्रकाठच्या पावसाळ्यातही ते फारसे फुगत नाही, मात्र सुताराच्या रंध्याची धार लवकर मारते. चांगल्या प्रतीचे बारा मिलिमीटरचे प्लायवूड सागाहून जड पडते, पण त्याचे थर आडवेउभे असल्यामुळे भोकापाशी फाटण्याचे भय पुष्कळ कमी. लाकडाच्या जुन्या दोषावर उपाय साधा आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वीही कठीण नव्हता: लाकडात स्क्रू पिळू नयेत. आरपार बोल्ट घालून वर व खाली रुंद वॉशर द्यावेत, आणि पुढच्या भोकापाशी दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटरचा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा जडवावा. टाचेकडे सलग लांब बिजागरी वापरली तर ताण सर्व रुंदीवर वाटला जातो. सुतार तिला पियानो बिजागरी म्हणतात. वाद्याचे ऋण वाद्याकडेच परत जाते म्हणायचे.

अ‍ॅल्युमिनियमच घ्यायचे ठरवले तर ओतीव नको, लाटलेला पत्रा घ्यावा. तो पाच किंवा सहा मिलिमीटर जाडीत कापून मिळतो आणि ओतिवासारखा अचानक तडकत नाही. वसई किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत त्यात साधा लोखंडी बोल्ट घातला की भोवती पांढरी भुकटी धरते व भोक कुरतडले जाते. स्टेनलेस बोल्ट आणि मधे नायलॉनचा वॉशर ठेवावा. जोरकस ठोक्याची सवय असलेले काही वादक जड पट्टीच पसंत करतात, कारण तिची गती एकदा लागली की ठोका वजनदार पडतो. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. चर्चच्या गायनवृंदाबरोबर किंवा छोट्या सभागृहात हलक्या पायाने वाजवणाऱ्याला मात्र लाकडाचा विचार करण्याची आम्ही शिफारस करू.

काम करताना जुनी मोडकी पट्टी टाकून देऊ नये. तिचे तुकडे जुळवून नव्या फळीवर ठेवावेत आणि पेन्सिलीने कड व भोके रेखाटून घ्यावीत. टाचेकडची भोके आधी पाडून बिजागरी बसवावी. बोटांकडचे भोक पट्टा प्रत्यक्ष ताणून पाहिल्यावरच पाडावे, कारण तेथे दोन मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. वरची बाजू घासून गुळगुळीत करण्याच्या भरीस पडू नये. अळशीच्या तेलाचे दोन हात द्यावेत, फळी दोन-तीन दिवस वाऱ्यावर वाळू द्यावी, आणि अनवाणी वाजवण्याची सवय असेल तर कडा तेवढ्या गोलसर कराव्यात.